प्रोस्टेट वाढलंय आणि डॉक्टर ‘लेसर’ म्हणतात: कुठून सुरुवात करायची?

आबा तीन वर्षं रात्री चार-चार वेळा उठत होते. आईला वाटायचं, म्हशी बघायला उठतात. मला वाटायचं, या वयात झोपच कमी होते. आबांना विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "वय झालं की रं, आता हुयाचंच असं." मग चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या रात्री, सर्दीची एक साधी गोळी घेऊन झोपलेले आबा पहाटे दोनला घामानं निथळत ओसरीवर बसलेले दिसले. ओटीपोट टणक, बेंबीपर्यंत फुगलेलं आणि लघवीचा थेंब नाही. दवाखान्यात नळी घातली तेव्हा बघता बघता पिशवीत सव्वा लिटर उतरलं.

त्या रात्रीनंतर ‘प्रोस्टेट’, ‘पीएसए’, ‘टीयूआरपी’, ‘होलेप’ हे शब्द आमच्या घरात आले आणि पहिले काही दिवस आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता भावकीतून, गल्लीतून फोन येतात, "तुमच्या आबांचं कुठं केलं, लेसर चांगलं का?" प्रत्येकाला जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषध आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या युरोसर्जनबरोबरच (लघवीच्या विकारांचे सर्जन) घ्यायचा, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे माहीत असलं की तो निर्णय तुमचाही होतो.

आधी नेमकं काय झालंय ते समजून घ्या

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, ही मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची. चाळिशीनंतर बहुतेक पुरुषांत ती हळूहळू वाढते. साठीला पोचलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांत ही वाढ सापडते. ही साधी वाढ असते, कॅन्सर नव्हे आणि ती पुढं कॅन्सर होते असंही नाही. मात्र दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी टाळायची नाही.

गाठ किती ग्रॅमची आहे यावर त्रास ठरत नाही. लोक इथंच फसतात. कुणाची तीस ग्रॅमची गाठ नळीच्या तोंडाशी बसून लघवी अडवते, तर कुणाची ऐंशी ग्रॅमची असूनही माणूस निवांत असतो. त्यामुळे सोनोग्राफीत ‘प्रोस्टेट मोठी’ असं आलं म्हणून घाबरू नका आणि ‘थोडीच वाढलीय’ म्हणून निर्धास्तही राहू नका.

लक्षणं लिहून काढा. धार बारीक झालीय का, सुरू व्हायला वेळ लागतो का, तुटत तुटत होते का, जोर लावावा लागतो का, झाल्यावरही शिल्लक राहिल्यासारखं वाटतं का, घाई लागली की थांबवता येत नाही का, रात्री किती वेळा उठावं लागतं? डॉक्टरांकडं याच धर्तीवरचा सात प्रश्नांचा तक्ता असतो, एकूण ३५ गुणांचा. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढं तीव्र त्रास धरतात.

याच्या जोडीला तीन दिवसांची नोंद ठेवा. आबांना वही-पेन दिलं तर त्यांनी बाजूला सारलं. मग मी त्यांना दूध रतिबाचं एक कोरं कार्ड दिलं आणि प्लास्टिकचं मापाचं भांडं. जन्मभर माप घालण्यात गेलेला माणूस! तीन दिवस त्यांनी एकही नोंद चुकवली नाही. सकाळी ६, १२० मिली. साडेसातला ८०. रात्री एकला, अडीचला, चारला, पाचला. युरोसर्जननी ते कार्ड दोनदा वाचलं. रात्रीचं प्रमाणच जास्त निघालं असतं तर प्रोस्टेटबरोबर साखर, हृदय, पायावरची सूज आणि झोपताना घेतलेलं पाणी यांचाही विचार करावा लागला असता, असं ते म्हणाले. आबांचं मात्र प्रत्येक वेळी थोडं थोडंच होत होतं.

ताबडतोब दवाखाना गाठायचा तो केव्हा

लघवी पूर्ण तुंबली, थंडी वाजून ताप आला, लघवीतून लाल रक्त किंवा गुठळ्या आल्या, तर सकाळची वाट बघू नका. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध आणि झोप आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध एकत्र असतं. वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी त्यानं अचानक अडू शकते. आबांचं तेच झालं. मेडिकलच्या दुकानात गोळी मागताना ‘प्रोस्टेटचा त्रास आहे’ हे आधी सांगायचं.

नळी घालून घरी सोडलं तर पिशवी नेहमी पोटाच्या पातळीखाली राहील असं बघा. एसटीतून येताना आम्ही ती आबांच्या मांडीवर टॉवेलाखाली झाकून ठेवली होती. चुकीचं होतं ते. पिशवी वर गेली की लघवी उलटी फिरते आणि जंतू आत जातात. जमिनीवरही टेकवायची नाही. कापडी पिशवीत घालून सीटच्या दांड्याला अडकवली की झालं.

तपासण्या: कशाचा काय उपयोग

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणं), रक्तातली साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, पीएसए (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाची रक्ततपासणी, कॅन्सरचा संशय यावरून घेतात), पोटाची सोनोग्राफी आणि युरोफ्लोमेट्री एवढं बहुतेक ठिकाणी सांगतात. डॉक्टर गुदद्वारातून बोटानं प्रोस्टेट चाचपून बघतात. त्याची लाज वाटून बरेच जण पहिल्या भेटीनंतर पुन्हा जात नाहीत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे ते आणि गाठ मऊ आहे की कठीण हे बोटाला कळतं.

सोनोग्राफीत दोन आकडे बघायचे. एक प्रोस्टेटचं आकारमान आणि दुसरा, माझ्या मते जास्त महत्त्वाचा, लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहते तो. सोनोग्राफीसाठी पाणी प्यायला सांगतात, पण मूत्राशय फुटेल इतकं भरून बसू नका. अति ताणलेलं मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि शिल्लक लघवी उगाच जास्त दिसते.

युरोफ्लोमेट्रीत एका यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची असते. धारेचा वेग कागदावर उमटतो. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग असेल तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय. निदान १५० मिली तरी झाली पाहिजे, नाहीतर रिपोर्टचा भरवसा धरता येत नाही. घाई वाटेल तेव्हाच आत जा, नर्सनं नाव पुकारलं म्हणून नको.

पीएसए ४ च्या वर गेला की घरात रडारड सुरू होते. थांबा. साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी, या सगळ्यांनी तो आकडा वाढतो. तुंबल्यानंतर लगेच केलेला पीएसए बहुतेकदा चढलेलाच येतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करायला सांगतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गाठ आक्रसवणाऱ्या गोळ्या सहा महिने घेतलेल्या माणसाचा पीएसए साधारण निम्मा दिसतो. तेव्हा चालू गोळ्यांची पानं सोबत न्यायचीच.

गोळ्यांनी भागतं का?

पुष्कळांचं भागतं. दोन प्रकारच्या गोळ्या असतात. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फ्युझोसिन या मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात, काही दिवसांत फरक पडतो. पहिल्या दिवसांत उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचं. दुसऱ्या फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, गाठ हळूहळू आक्रसवणाऱ्या. त्यांना तीन ते सहा महिने लागतात. घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर फुटलेली गोळी तिला हाताळू देऊ नका.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘टॅमसुलोसिन घेतो’ किंवा ‘पूर्वी घ्यायचो’ हे जरूर सांगा. या गोळीनं डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो. आधी कळलं तर ते तयारीनं करतात.

ऑपरेशनची वेळ कधी येते? गोळ्या घेऊनही लघवी पुन्हा पुन्हा तुंबते, वारंवार जंतुसंसर्ग होतो, मूत्राशयात खडा तयार होतो, रक्त थांबत नाही, मूत्रपिंडांवर सूज येते, किंवा गोळ्यांनी त्रास कमीच होत नाही. यातलं काही असेल तर पुढं ढकलून फायदा नाही. मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी. बंद नळाविरुद्ध वर्षानुवर्षं जोर काढत राहिलं की आधी तिची भिंत जाड होते आणि मग ताकद जाते. ताकद गेल्यावर प्रोस्टेट कितीही साफ केली तरी लघवी नीट होईल याची खात्री नसते. आबांनी घालवलेल्या तीन वर्षांची किंमत मला इथं कळली. ऑपरेशननंतरही त्यांची शिल्लक लघवी पूर्ण शून्यावर आली नाही.

लेसर म्हणजे नेमकं काय करतात

आमच्या शेजारच्या काकांची समजूत होती की बाहेरून पोटावर किरण मारतात आणि गाठ विरघळते. तसं नाही. हे भूल देऊन केलेलं ऑपरेशनच आहे, फक्त पोटावर कुठं चिरा नाही. लघवीच्या नळीतून दुर्बीण जाते आणि तिच्यातून लेसरचा बारीक फायबर.

होल्मियम लेसरनं करतात त्याला होलेप म्हणतात. वाळलेल्या नारळातलं गोटा खोबरं करवंटीपासून अख्खं सुटतं ना, तशी प्रोस्टेटची वाढलेली आतली गाठ बाहेरच्या कवचापासून सोडवून घेतात. कवच जागेवर राहतं. सुटलेली गाठ मूत्राशयात ढकलायची आणि मॉर्सेलेटर नावाच्या यंत्रानं बारीक करून ओढून घ्यायची. हा किरण पाण्यात शोषला जातो, आत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जातो आणि कापता कापता रक्तवाहिन्या बंद करतो. म्हणून रक्त कमी जातं. थुलियम लेसरनंही असंच करता येतं. ‘ग्रीनलाइट’ हा तिसरा प्रकार. त्यात हिरवा किरण रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो आणि गाठ वाफ करून उडवली जाते. रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्यांना तो सोयीचा, पण गाठच उडून गेल्यामुळे बायॉप्सीला, म्हणजे कॅन्सर आहे का ते तपासायला, तुकडा मिळत नाही.

‘हे नवीन खूळ तर नाही ना?’ असं आबांनी विचारलं होतं. नाही. होलेप १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलं. आज मोठ्या गाठींसाठी, जिथं पूर्वी पोट उघडावं लागायचं, तिथंही ते करतात.

मग जुनं ‘दुर्बिणीचं’ ऑपरेशन, टीयूआरपी, ज्यात लेसरऐवजी विजेच्या तारेनं गाठ खरवडून काढतात, ते वाईट का? अजिबात नाही. मध्यम आकाराच्या गाठीला चांगल्या हातानं केलेलं टीयूआरपी आजही उत्तम आहे. गाठ मोठी असेल, रक्तस्रावाचा धोका असेल, नळी लवकर काढायची असेल तिथं लेसरचं पारडं जड. लेसर हे हत्यार आहे. ते कुणाच्या हातात आहे हे आधी बघायचं. होलेपवर हात बसायला वीस ते पन्नास ऑपरेशनं तरी लागतात. म्हणून सरळ विचारा: "डॉक्टर, तुम्ही स्वतः हे किती केलीत? माझ्या आबांच्या गाठीला लेसरच का? मध्येच अडचण आली तर काय कराल? मूत्राशयाची ताकद तपासावी लागेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

कोल्हापुरात कुठं जायचं, पैशाचं काय

दसरा चौकाजवळचा सीपीआर, आपला थोरला दवाखाना, म्हणजेच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. पहिली तपासणी, सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या यासाठी तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि सोबत एक धडधाकट माणूस न्या, रांगा मोठ्या असतात. राजारामपुरी, शाहूपुरी भागात खासगी युरोसर्जन आहेत, आणि चंदगड-गडहिंग्लजकडच्यांना बेळगाव, शिरोळकडच्यांना मिरजही जवळ पडतं. दुसरं मत घेण्यात संकोच नको. फाईल तुमची आहे, झेरॉक्स मागून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या दवाखान्यात लागू आहे तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती व्हायच्या आधी त्यांना भेटा. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. तेही विचारा. नेमका प्रश्न असा: "प्रोस्टेटचं कुठलं ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं, दुर्बिणीचं की लेसरचं? वरचे पैसे किती?" धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन बोला.

खासगीत पॅकेज ठरवताना लेसर फायबर, भूलतज्ज्ञ, बायॉप्सी आणि जास्तीच्या दिवसाची खोली त्यात आहे का हे लिहून घ्या. आम्ही तोंडी ठरवलं आणि फायबरचं बिल वेगळं आलं.

भरती होण्याआधी

हृदयात स्टेंट असेल किंवा अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गोळी परस्पर बंद करायची नाही आणि परस्पर चालूही ठेवायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. साखर ताब्यात हवी. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू निघाले तर आधी अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करतात, त्यासाठी तारीख पुढं गेली तर वाद घालू नका. ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम, ज्याला केगेल म्हणतात, आधीपासून शिकून घ्या. लघवी अडवताना जे आवळतो तेच स्नायू आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र नाही.

ऑपरेशन आणि नळीचे दिवस

बहुतेकदा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात, पाय काही तास बधिर राहतात. एक ते दोन तासांचं काम, गाठ मोठी असेल तर जास्त. नंतर नळीतून सलाइन आत-बाहेर फिरवत ठेवतात म्हणजे रक्त साकळत नाही. पिशवीचा रंग हेच त्या दिवसांतलं आमचं पंचांग! पहिल्या रात्री कोकम सरबत, सकाळी गुलाबी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जवळजवळ पाणी. आबा पडल्या पडल्या मान वळवून बघायचे आणि आईला रंग सांगायचे. रंग एकदम गडद झाला, गुठळ्या दिसल्या किंवा पिशवीत येणं थांबलं आणि पोट दुखू लागलं तर लगेच सिस्टरना हाक मारा.

नळी साधारण एक-दोन दिवसांत काढतात. काढल्यावर पहिल्यांदा जळजळ होते, घाई होते. काहींना लघवी होत नाही आणि काही दिवसांसाठी पुन्हा नळी घालावी लागते. ते ऑपरेशन फसल्याचं लक्षण नाही.

घरी आल्यावर सहा आठवडे

आमच्या घरी खरा झगडा इथं झाला. पाचव्या दिवशी आबांना बरं वाटलं आणि ते वैरणीचा भारा उचलायला निघाले. आत जखम ओली असते, खपली साधारण दुसऱ्या आठवड्यात सुटते आणि तेव्हा पुन्हा लाल लघवी होऊ शकते. जड उचलणं, मोटारसायकल, शेतातलं बैठं काम चार ते सहा आठवडे बंद. पाणी दिवसभर सारखं घोट घोट प्या, संध्याकाळनंतर कमी. शौचाला कुंथायचं नाही. रात्री इसबगोल, ताटात भाजी-फळं. मिसळ आणि तांबडा रस्सा थोडे दिवस थांबू दे, पांढरा रस्साही तिखट न करता. तिखटानं जळजळ वाढते, चहानं घाई.

खोकताना, उठताना थेंब गळणं काही आठवडे, कधी दोन-तीन महिने राहू शकतं. केगेल चालू ठेवा, पॅड वापरा आणि त्यावरून घरात कुणी हसणार नाही एवढी काळजी घ्या. थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली, टोमॅटोच्या रसासारखं दाट रक्त आलं तर तडक दवाखाना.

आता ज्या गोष्टीवर कुणी बोलत नाही ती. या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांत संभोगाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. त्यानं इजा होत नाही, सुखाची भावना राहते आणि ताठरता सहसा कमी होत नाही. पण मूल हवं असेल तर हे आधी सांगायलाच हवं. नवरा-बायको दोघांनी एकत्र बसून डॉक्टरांना विचारावं. आईबाबांना हे विचारायला मुलाला जड जातं, मलाही गेलं. शेवटी मी खोलीबाहेर थांबलो आणि आई आत गेली.

डिस्चार्जच्या कागदांत बायॉप्सीचा रिपोर्ट बहुतेकदा नसतो, तो आठवड्याभरानं येतो. स्वतः जाऊन आणा आणि डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांनी पीएसए, युरोफ्लो आणि शिल्लक लघवी पुन्हा मोजतात. पीएसए बराच खाली आलेला दिसेल. तोच पुढचा पाया, तारखेसह फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कवच आत आहे, म्हणून पुढंही डॉक्टर सांगतील तसा पीएसए करत राहायचं. आबांच्या फाईलला तो आकडा आहे आणि त्याच्याशेजारी स्टेपल केलेलं रतिबाचं दुसरं कार्ड. त्यावर रात्रीच्या रकान्यात एकच नोंद आहे, पहाटे पाचची, म्हशी बघायला उठले तेव्हाची.